फाशाचं माप

कुरकुंभ, ता. दौंड
दि. ९ जानेवारी २०२५, गुरुवार

आदरणीय मीराआबा यांस,
विश्वजीतचा नमस्कार.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पहिली शिफ्ट करून आलो आणि जेवायच्या आधी मक्याच्या वावरात आडवी पडलेली ताटं मोजत होतो. एक हजार एकशे बारा झाली तेव्हा मोजणं थांबवलं आणि बांधावर बसून हे पत्र सुरू केलं.

फोन केला असता, पण रजियाआत्या म्हणाली की तुम्हाला आता फोनवरचं काहीच ऐकू येत नाही आणि स्क्रीनवरचं अक्षर पळतं. म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात लिहितो. बारावी अर्धी सोडली, पण शुद्धलेखन सोडलं नाही. चूक दिसली तर खूण करून ठेवा.

रानडुकरं तीन रात्री सलग आली. वाकून बघितलं तर कणसं कमी खातात, मोडतात जास्त. भरपाईचा अर्ज केला आहे, पंचनामाही झाला. पैसे येतील तेव्हा येतील, तोवर उरलेला मका राहणार नाही. आई म्हणते, तुझ्या आजोबांच्या वेळी एकही डुक्कर या वस्तीकडे फिरकायचं नाही.

बापूआजोबांची शिकारीची वही माझ्याकडे आहे. तुम्ही दोघं या माळावर हिंडायचा त्या वेळची. तिच्यात सगळं आहे: वारा कसा बघायचा, ठसा ताजा की शिळा, विणीच्या दिवसांत कशाला हात लावायचा नाही, जनावर मारलं त्या दिवशी मोठ्यानं हसायचं नाही. फाशाच्या पानावर मात्र एकच ओळ आहे: "हे काम मीरासाहेबाचं."

तर आबा, डुकराचा फासा कसा लावतात ते कळवावं. मी सगळं मापात आणि लिहून ठेवून करीन.

आपला,
विश्वजीत

*

शिरूर
१५ जानेवारी

चि. विश्वजीतला मीरासाहेबाचा दुवा.

तुझं पत्र भिंगाखाली दोनदा वाचलं. चूक एक बी घावली न्हाई. अक्षर थेट बापूसाहेबासारखं. पण एक सांगतो, वहीत त्यानं लिहिलं नसंल. तुझा आजा डुकराला लई भ्यायचा. डुक्कर आलं की बाभळीवर चढायचा आन् वरनं म्हनायचा, "मीरासाहेब, मी टेहळणी करतोय!" काटे काढायला मग दोन दिवस लागायचे.

आता कामाचं. फासा लावू नको.

कायदा तर हायेच. तो आला त्या वर्षी आम्ही बंदूक जमा केली, परत कशाला हात लावला न्हाई. पण कायद्याच्या आधी बी एक रीत हुती. फासा लावला की त्याच्यापासनं हाकेच्या टप्प्यात बसून ऱ्हायचं. बिडी न्हाई, बोलणं न्हाई. जनावर अडकलं की पळत जायचं, घटकाभर बी तडफडू द्यायचं न्हाई. सांजच्याला निघताना सगळे फासे काढून न्यायचे. जो फासा लावून घरी जाऊन भाकर खातो त्याला आम्ही शिकारी म्हनत न्हवतो.

आन् फासा काय डोळस असतोय व्हय? डुकराचा लावायचा तर गुडघ्याच्या दोन बोटं खाली, तोंड दीड वीत, वायर माती चोळून गवताच्या रंगाची केलेली. एवढं माप धरलं तरी त्या उंचीचं दुसरं काय बी येऊ शकतंय. वायरीला काय कळतंय कोण आलं?

तू कामाला जाणार, बस येणार, भोंगा वाजणार. तुला कुठली हाक ऐकू येणार? मला तर आता काहीच ऐकू येत न्हाई, म्हनून मी घरात उंदराचा पिंजरा सुदिक लावत न्हाई. रजिया शिव्या देती.

आईच्या जुन्या साड्या बांधाला बांध. न्हाव्याकडचे केस आणून कडंनं टाक, डुकराच्या नाकात जातात. मका थोडा जाईल. जाऊ दे.

मीरासाहेब

*

कुरकुंभ
दि. २७ जानेवारी २०२५, सोमवार, दुपारी ४.३५

आदरणीय आबा,

तुमच्या सल्ल्याप्रमाणे आईच्या अकरा साड्या बांधाला बांधल्या. केसांची दोन पोती आणली. आईने नाक मुरडलं, पण उपयोग होईल असं वाटतं.

आज वेगळ्या कारणाने लिहितो. आमच्या केमिकल कंपनीत सत्यजीत म्हणून मित्र आहे. त्याने मंगळवारी, २१ तारखेला पहाटे, शेताकडेला सात फासे लावले आणि पहिल्या शिफ्टला गेला. तीन वाजता सुटून तो थेट तिथेच येणार होता. पण त्याचा रिलीव्हर आला नाही. रिॲक्टर चालू असला की माणूस आल्याशिवाय प्लांट सोडता येत नाही. त्याला सलग सोळा तास ड्युटी पडली. दुसऱ्या दिवशी उजाडताच गेला तेव्हा सहा फासे जागेवर होते. सातव्याची खुंटी होती, वायर तुटलेली. कुठलं तरी जनावर अडकून निसटलं होतं. भोवतीची माती दोन हात खोल उकरलेली होती.

त्याला फार काळजी लागली आहे. म्हणून विचारतो:
१) वायर अंगावर राहिली तर काही दिवसांनी आपोआप गळते का, की जनावर ती दातांनी तोडतं?
२) असं जनावर किती दिवस जगतं?
३) जनावर पुन्हा त्या जागी येतं का?

बाकीचे सहा फासे त्याने त्याच वेळी काढून टाकले आहेत.

आपला,
विश्वजीत

*

शिरूर
१ फेब्रुवारी

विश्वजीत,

सत्यजीतला सांग, वायर गळत न्हाई. आत आत जाते. तोंड पोचलं तर जनावर चावतं, आन् त्याचेच दात जातात. किती दिवस ते त्याच्या जिवावर.

आणखी एक सांग त्याला. त्याची काळजी अगदी तुझ्या अक्षरात लिहिलेली दिसते. आन् चार ठिकाणी 'जनावर' लिहिलंस, एकदा बी 'डुक्कर' न्हाई. तुटल्या वायरीला केस लागले असतील. ते डुकराचे असते तर तू एवढं लांबलचक लिहिलं नसतंस.

गुरुवारी पहिल्या गाडीनं येतो. दौंडच्या स्टँडवर ये. रजियाला सांगितलंय की बापूसाहेबाच्या घरी जेवायला चाललोय.

मीरासाहेब

*

कुरकुंभ
दि. १० फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळी ११.२०

आदरणीय आबा,

तुम्ही शुक्रवारी गेल्यापासून रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. दोन दिवस तुम्ही काठी टेकत माझ्यापुढे चाललात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी एवढं चालवलं याची लाज वाटते. तुम्ही एकदाही रागावला नाहीत याची जास्त.

ओढ्याच्या वरच्या अंगाला ती दिसली तेव्हा तुम्ही खाली बसलात. लांडगीण होती. कमरेत वायर, मागचं अंग वाळलेलं, आणि तरी सड भरलेले. ती आपल्याकडे बघत उभी राहिली. मग चालायला लागली, पळाली नाही. तुम्ही म्हणालात, "पिलं हायेत. म्हनून ती माळ सोडत न्हाई."

तेव्हा मेंढ्या घेऊन म्हस्कू आला होता. तो जे बोलला ते तुम्हाला ऐकू आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता सांगतो.

तो म्हणाला, "बघितली का? हिनं औंदा माझी तीन कोकरं नेली. तरी मी वायर लावली न्हाई. कुत्री पाळली, रात्री जागलो. आन् हे कोण दिवटं निघालं?"

मी वाकून चपलेतला खडा काढला.

"तुझ्याच वावराकडनं आली बघ ती, त्या दिवशी वराडत. पार तिकडं मेंढरांच्या वाड्यापत्तुर ऐकू आलं. तू कुठं हुतास?"

"ड्युटीवर."

"दिवसभर?"

"डबल पडली."

"असं व्हय," म्हणाला आणि तुमच्याकडे बोट केलं. "आन् हे आबा कोण?"

"शिरूरचे पाहुणे आहेत," मी सांगितलं. तेव्हाच तुम्ही हसून त्याला हात केलात आणि त्याने तुम्हाला तंबाखू दिली.

जाताना तुम्ही स्टँडवर म्हणालात ते मी बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं आहे: "आमच्याकडं बंदूक हुती. जखमी केलं तर दिवस मावळायच्या आत मागं जाऊन संपवायचं. तुझ्याकडं बंदूक न्हाई, फोन हाय. वनखात्याची माणसं तिला गुंगी देऊन वायर काढतील. त्यांना जागा दाखव, नाव सांग. उद्याच."

शनिवारी फोन केला. त्यांनी आधी नाव विचारलं. मी ठेवून दिला.

आबा, लांडग्याच्या शिकारीला मोठी शिक्षा आहे. माझा करार एक मार्चला नवा व्हायचा आहे; अटक झाली तर गेट पास बंद. अपेक्षाला बघायला पाहुणे येणार आहेत, भाऊ कोठडीत असला तर कोण येईल? करार झाला की दोन तारखेला मी स्वतः जाईन. ती एवढे दिवस जगली आहे. अजून वीस दिवस निघतील का? तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो.

आपला,
विश्वजीत

*

शिरूर
१८ फेब्रुवारी

विश्वजीत,

हे पत्र अब्बांचं नाही, माझं आहे. त्यांना माहीत नाही मी लिहिते आहे.

लांडगीण १३ तारखेला कॅनॉलच्या कडेला मेलेली सापडली. तुला कळलं असेलच, तुमच्या वस्तीपासून ते दोन किलोमीटरवर आहे. वनखात्याने आसपास चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, शिरूरचा एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, जुना शिकारी, आठवड्यापूर्वी तिथं दोन दिवस फिरत होता. शोधायला वेळ लागला नाही.

अब्बांना १५ तारखेला दौंडच्या ऑफिसात बोलावलं, १७ला परत. मी बरोबर होते. माणसं नीट बोलली, खुर्ची दिली, चहा दिला. प्रश्न कागदावर लिहून विचारले. तिथं होता का? अब्बांनी लिहिलं, होतो. कशाला? लांडगीण बघायला. तिच्या अंगावर वायर आहे हे कसं कळलं? त्याच्यापुढं त्यांनी काही लिहिलं नाही. पेन टोपण लावून परत दिलं.

घरी आल्यावर तुझी सगळी पत्रं त्यांनी पाण्याच्या बंबात घातली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, कचरा.

दोन दिवसांत गावभर झालं. पन्नास वर्षं ज्या हॉटेलात चहा प्यायला जातात तिथं एकाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय मीराचाचा, कातड्याला भाव काय चाललाय?" बाकीचे हसले. अब्बांना ऐकू आलं नाही. हसणारी तोंडं बघून तेही हसले. मी दारातून बघत होते.

मी शिवणकाम करते, मला कायदा कळत नाही. पण अब्बांनी आयुष्यात कुणाच्या घरी जेवायला जाताना काठी आणि भिंग एकदम नेलेलं नाही. तुला एकच विचारते. वायर कुणाची?

रजिया

*

कुरकुंभ
दि. १२ मार्च २०२५, बुधवार, दुपारी १.०५

आदरणीय आबा, आणि रजियाआत्या,

आत्याचं पत्र मला २० फेब्रुवारीला मिळालं. पाच दिवस ते खिशात घेऊन कामावर गेलो. २५ तारखेला, मंगळवारी, सकाळी दहा वाजता दौंडच्या ऑफिसात गेलो आणि सांगितलं की वायर माझी आहे.

तिथल्या साहेबांनी आधी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, म्हाताऱ्याला वाचवायला कुणी पाठवलं काय? मग मी पिशवी काढली. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल माझ्याकडे असते, तारीख-वारासकट. त्या दिल्या. तुमची पत्रंही दिली, सगळी, एकही ओळ न लपवता. तुम्ही मला स्पष्ट "फासा लावू नको" असं लिहिलं होतं. ते वाचल्यावर तुमच्याबद्दल कुणाला शंका राहणार नाही. उरलेल्या सहा वायरीही दिल्या.

अटक झाली. नऊ दिवसांनी, ६ मार्चला, जामीन मिळाला. हौसराव चुलत्यांनी सातबारा ठेवला. कोर्टाबाहेर ते म्हणाले, "मका केवढ्याचा, आन् जमीन केवढ्याची! हिशोबाचा किडा म्हनं!" करार झाला नाही. अपेक्षाचे पाहुणे आले नाहीत. ती माझ्याशी बोलते, पण फक्त जेवायला वाढताना.

शवविच्छेदनात काय निघालं ते साहेबांनी मला वाचून दाखवलं. ते मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो की दहा फेब्रुवारीला मी तुम्हाला विचारलं होतं, अजून वीस दिवस निघतील का. तीन निघाले.

पिलं दोन होती. म्हस्कूला एका कपारीत सापडली. वनखात्याची गाडी लांबच्या कामावर गेली होती, ती येईपर्यंत चार दिवस त्याने शेळीचं दूध पाजलं. एक मेलं. एक पुण्याला नेलं आहे. जगलं तरी ते माळावर परत येणार नाही म्हणतात, त्याला शिकवायला कुणी नाही.

आणखी एक. म्हस्कूने तुम्ही कोण असं विचारलं तेव्हा मी "शिरूरचे पाहुणे" असं उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणालो होतो, "शिरूरचे मीरासाहेब, फाशाचे जुने शिकारी आहेत." त्याने माझ्याकडे बघणं सोडून तुमच्याकडे बघावं म्हणून. तुम्ही तेव्हा त्याला हात करत होता.

जबाबात मी हेही लिहून दिलं आहे.

आपला,
विश्वजीत

*

शिरूर
२२ मार्च

चि. विश्वजीत,

रोजे चालू हायेत. दुपारी डोकं जड हुतं, म्हनून सकाळचं लिहितो.

तू गेलास ते बरं केलंस. उशीर केलास. रजिया म्हनती पाच दिवस, मी एकवीस जानेवारीपासनं मोजतो.

म्हस्कूला काय सांगितलंस ते मला तिथंच कळलं हुतं. कान गेल्यापासनं मी माणसांची तोंडं वाचतो. 'पाहुणा' म्हनताना व्हट मिटतात, 'शिकारी' म्हनताना दात दिसतात. मला वाटलं, घाबरलंय पोरगं, निस्तरंल.

आता माझं ऐक. तू दिलेली पत्रं त्यांनी नीट वाचली. मला १८ तारखेला परत बोलावलं. कारकुनानं माझंच पंधरा जानेवारीचं पत्र पुढं ठेवलं आन् एका ओळीवर बोट ठेवलं. 'फासा लावू नको' त्याच्यावर न्हाई. त्याच्या खालच्या. गुडघ्याच्या दोन बोटं खाली, तोंड दीड वीत, वायर माती चोळून.

मग त्यानं तुझ्या खुंटीपाशी, तू दिलेल्या वायरी लावून केलेला पंचनामा दाखवला. तुझ्या फाशाचं माप. तेच. बोटभर बी फरक न्हाई.

तू म्हनशील, माझी चूक झाली, पत्र द्यायला नको हुतं. तसं म्हनू नको. कागद खरा हाय. मी ती ओळ वाचत बसलो. नको म्हनायला एक शब्द पुरला असता. मग माप कशाला लिहिलं? रजियाला वाटतं भोळेपणानं. भोळेपणा न्हवता. बावन्न वर्षांत मला कुणी इचारलं न्हवतं, मीरासाहेब, फासा कसा लावतात. तू इचारलंस. हात शिवशिवला. मी तुला नको बी म्हनालो आन् मला किती येतं ते बी दाखवून घेतलं. तुझ्या आज्यानं ते पान रिकामं सोडलं ते उगाच न्हाई.

केसमधी माझं नाव आलंय. वयाकडं बघून हमीवर सोडलं. कुणाचा राग न्हाई. चहाला जात न्हाई आता, घरीच पितो.

आमच्यात एक रीत हुती. शिकार झाली की ज्यानं मारलं त्याचा वाटा, आन् ज्यानं जागा किंवा युक्ती सांगितली त्याचा बी वाटा, मग तो घरी झोपलेला का असंना. सारखा निम्मा. बापूसाहेबानं माझा वाटा कधी चुकवला न्हाई, मी त्याचा चुकवला न्हाई. ह्या जनावराला आपण दोघांनी मारलंय. खर्च काय झाला, काय हुणार, मला लिहून पाठव. निम्मं माझं. मला म्हातारा म्हनून वगळलंस तर मला वाईट वाटंल.

मीरासाहेब

*

कुरकुंभ
दि. २ एप्रिल २०२५, बुधवार, सकाळी ९.४०

आदरणीय आबा,

ईदच्या शुभेच्छा. सोमवारी यायचं मनात होतं, पण शिरूरच्या स्टँडवर मला बघून लोक तुम्हाला आणखी काही विचारतील असं वाटलं.

तुमचं पत्र आल्यावर मी आधी एक उत्तर लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुम्ही काही देऊ नका, सगळी चूक माझी आहे, तुम्ही तर नकोच म्हणाला होता. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हाताऱ्यानं खरं बोलायला एवढी शाई घातली आन् तू त्याला लहान पोरासारखा बाजूला सारतोस?" ते उत्तर फाडलं.

पिलू खातंय असं कळलं. मादी आहे.

मी आता पाटसजवळच्या एका गोठ्यावर जातो, रोज साडेचारशे. पुढची तारीख २२ एप्रिल, दोघांनाही हजर राहायचं आहे. तुम्ही येऊ नका असं लिहिणार होतो. तेही लिहीत नाही. दहाची वेळ आहे, मी स्टँडवर असेन.

तुम्ही मागितलेला हिशोब:

झालेला खर्च
वकील, दोघांचे मिळून १८,००० ठरले. पैकी दिले: १०,०००
जामीन व हमीचे कागद, मुद्रांक, झेरॉक्स: १,४६०
शिरूर–दौंड एसटी, जाऊन-येऊन तीन खेपा (तुमचं तिकीट मोफत, आत्याचं अर्धं): २७०
शेळीचं दूध, चार दिवस: म्हस्कूने पैसे घेतले नाहीत
एकूण: ११,७३०
निम्मे, मीरासाहेब: ५,८६५
निम्मे, विश्वजीत: ५,८६५
(एसटीचे २७० आत्याने भरले आहेत. ते तुमच्या निम्म्यातून वजा केले, राहिले ५,५९५.)

देणे
वकिलाचे राहिलेले: ८,०००. निम्मे तुमचे, ४,०००
हौसराव चुलते, उसने: १०,०००. हे वकिलाला दिले तेच आहेत, पुन्हा धरलेले नाहीत

तुमच्याकडून येणे, आजपर्यंत: ५,५९५
वकिलाला पुढे द्यायचे: ४,०००
एकूण तुमचा वाटा, राहिलेला: ९,५९५ रुपये. सवडीने.

आपला,
विश्वजीत